सुखोई चुकलं तेव्हा

आमच्या यांना लढाऊ विमानांचं वेड आहे, हे मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात कळलं. सासर नागपूरचं, सोनेगावच्या विमानतळाजवळ. आकाशात घरघर झाली की हे हातातला घास ताटात टाकून अंगणात धावायचे आणि परत येऊन सासूबाईंना सांगायचे, "मालवाहू होतं, कामाचं नव्हतं." सासूबाई म्हणायच्या, "मग जेव आता." मला वाटलं, वय आहे, जाईल हळूहळू. नाही गेलं.

पुढे राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं, आणि यांच्या रेल्वेतल्या नोकरीनं आम्हाला इकडे आणलं. नवीन गावात ओळखीचं कोणी नाही. त्या वर्षी गणपतीत आम्ही महाराष्ट्र मंडळात गेलो, तर तिथे कारगिलचा देखावा. थर्माकोलचे डोंगर, कापसाचा बर्फ आणि वर दोऱ्याला टांगलेलं एक विमान. खाली पाटी, 'मिराज'. आरती संपली न संपली तोच हे कार्यकर्त्यांकडे गेले.

"भाऊ, हे मिराज नाही. मिराजले मागं आडवे पंख नसतात."

तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं एक उंच, टक्कल पडलेले गृहस्थ आले. "मी सकाळपासून हेच सांगून राहिलो याले. कोणी ऐकतच नाही."

ते गौतम. बूढापाऱ्यात राहणारे, भोसल्यांच्या काळापासून रायपुरात असलेल्या घराण्यातले, वीज मंडळात इंजिनिअर. लग्न केलेलं नव्हतं. दोघांनी हात मिळवले, एकमेकांना घरचा पत्ता दिला आणि प्रसादाचा द्रोण हातात येईपर्यंत दोघांचं कडाक्याचं भांडणही सुरू झालं.

"कारगिलात खरं काम केलं ते मिराजनंच," गौतम म्हणाले.

"अन् मिग काय तिथं पतंग उडवत होते?" हे म्हणाले.

ते भांडण वीस वर्षांच्या वर चाललं. गौतम तरुणपणी ग्वाल्हेरला शिकायला होते, तेव्हा तिथल्या आकाशात नवीनच आलेली मिराज विमानं त्यांनी रोज पाहिली होती. त्यामुळे त्यांची निष्ठा फ्रान्सवर. मिराज म्हातारं झालं तशी ती राफेलवर गेली. आमचे हे पहिल्यापासून रशियाच्या बाजूचे. आधी मिग, मग सुखोई. प्रत्येक रविवारी सकाळी तेलीबांधा तलावाच्या काठावर फिरणं, मग चहा आणि चहाबरोबर युद्ध. कोणाचं रडार लांबचं पाहतं, कोणाचं क्षेपणास्त्र लांब जातं, कोण लवकर वळतं, कोणाचे सुटे भाग वेळेवर मिळत नाहीत. चीनकडे किती, पाकिस्तानकडे कोणतं, अमेरिका काय विकते आणि काय विकत नाही. मध्ये बसायचे नरहरी. त्यांचं सदर बाजारात चष्म्यांचं दुकान. त्यांना विमानांतलं फार कळायचं नाही, पण यांची भांडणं ऐकायला फार आवडायची. कोणी जिंकायला लागलं की ते दुसऱ्याच्या बाजूनं बोलायचे, म्हणजे सामना लवकर संपू नये.

मी कधी कधी सोबत जायची. निवृत्तीनंतर आम्ही तलावाच्या मागेच फ्लॅट घेतला होता, त्यामुळे पाय मोकळे करायला बरं पडायचं. ही मंडळी बोलायची आणि मी बदकं पाहायची. सुखोई काय, राफेल काय, माझ्या कानाला सगळं सारखंच.

तो रविवारही असाच होता. थंडीचे दिवस. तलावावर अजून धुकं होतं, पोहे-जिलबीच्या ठेल्यापाशी गर्दी होती. आम्ही चौघं नेहमीच्या बाकावर बसलो. गौतम रंगात आले होते. राफेलवरचं क्षेपणास्त्र इतक्या लांबून मारतं की तुझ्या सुखोईला कळायच्या आत त्याचा निकाल लागेल, असं काहीतरी चाललं होतं. मी यांच्या शेजारीच होते. यांनी चहाचा घोट घेतला आणि नेहमीसारखं ठासून बोलायला सुरुवात केली.

"तुले सांगतो गौतम, सुखोईचं काय आहे, एकच इंजिन आहे त्याले. त्रिकोणी पंख. मागं आडवे पंख नाहीत. म्हणून ते..."

नरहरी खो खो हसले. "अरे, यज्ञेश्वरभाऊनं पार्टी बदलली! सुखोईचं नाव घेऊन मिराजची तारीफ करून राहिले!"

गौतमही हसले. पण अर्धवटच. त्यांचं हसू मध्येच थांबलं आणि ते यांच्याकडे बघत राहिले.

"यज्ञेश्वर," ते म्हणाले, "सुखोई कोणाचं आहे?"

"फ्रान्सचं," हे म्हणाले. अगदी सरळ, गंभीर चेहऱ्यानं. थट्टेचा मागमूस नाही.

गौतम ताडकन उभे राहिले. "नरहरी, गाडीकडे चल. वहिनी, उठा."

"काहून? काय झालं?" मी विचारलं.

"याचं सुखोई चुकलं, वहिनी."

मला काही समजेना. माणूस बोलण्यात चुकतो, त्यात एवढं काय? हे तर व्यवस्थित बसले होते, हातात कप होता. आणि मी बघत असतानाच तो कप यांच्या उजव्या हातातून निसटला. चहा मांडीवर सांडला आणि यांना त्याचा चटकाही जाणवला नाही. तोंडाचा उजवा कोपरा खाली ओघळला होता.

गौतमनी एका बाजूनं धरलं, नरहरींनी दुसऱ्या. पोह्याच्या ठेल्यावरची दोन-तीन माणसंही धावत आली. "भैया, आप दरवाजा खोलिए, हम उठाते हैं," असं म्हणत त्यांनी यांना अलगद मागच्या सीटवर ठेवलं. त्यांची नावं मला आजही माहीत नाहीत. नरहरींनी गाडी काढली. गौतम मागे यांचा हात धरून बसले आणि वाटेत दवाखान्याला फोन करून सांगितलं की लकव्याचा पेशंट आणतो आहोत, आता-आताच सुरू झालं आहे. मी पुढच्या सीटवर मागे वळून बसले होते. हे माझ्याकडे पाहत होते आणि काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होते. नुसता आवाज येत होता.

दवाखान्यात स्कॅन झालं. मेंदूत रक्ताची गुठळी होती. ती विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या काही तासांतच देता येतं, नंतर उपयोग नसतो. आम्ही त्या वेळेच्या बऱ्याच आत पोहोचलो होतो. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, तेव्हा त्यांनी पहिलं विचारलं, "पहचाना किसने? ज्यादातर लोग तो घर ले जाकर सुला देते हैं."

मी गौतमकडे बोट दाखवलं.

"आप डॉक्टर हैं?"

"नहीं," गौतम म्हणाले. "मैं बस इनसे झगड़ता हूँ."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी गौतमच्या खांद्यावर हात ठेवला. मी तिथेच भिंतीला टेकून रडून घेतलं. नरहरी माझ्यासाठी पाणी आणायला गेले आणि दोन बाटल्या घेऊन आले, कारण एक त्यांना स्वतःलाच हवी होती.

जीव वाचला. पाय पंधरवड्यात बऱ्यापैकी चालू लागला, उजवा हात मात्र कमजोर राहिला. आणि वाचा गेली. हे घरी आले ते मुके होऊन. आपण काय बोलतो ते त्यांना सगळं कळायचं, पण तोंडातून शब्द निघायचा नाही. पाणी हवं असलं तरी हात दाखवायचे. माझं नाव घ्यायला जायचे, ओठ हलायचे, आणि मग रागानं पलंगावर मूठ आपटायचे. आमची गंधाली पुण्याहून रजा टाकून आली. बापाशी तासन्तास बोलत बसायची. परत जाताना रडली.

बोलण्याचे व्यायाम करवून घ्यायला मंजिरी नावाची मुलगी घरी यायची. रायपुरातच वाढलेली मराठी मुलगी. माझं मराठी तिला सगळं समजायचं, उत्तर मात्र हिंदीत. तिच्याकडे चित्रांचे पत्ते असायचे. आंबा, कप, चप्पल, गाय. "काका, ये क्या है?" ती गोड आवाजात विचारायची. हे पत्त्याकडे बघायचे आणि मान फिरवायचे. आयुष्यभर रेल्वेच्या ऑफिसात शेकडो माणसं सांभाळलेल्या माणसाला कोणी गाय दाखवून नाव विचारतं, हे यांना सहन होत नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात तर यांनी पत्ते हातानं ढकलून दिले. मंजिरीनं ते शांतपणे गोळा केले. "कोई बात नहीं काका, कल फिर आऊँगी," म्हणाली. त्या पोरीच्या धीराला मी आजही नमस्कार करते.

गौतम रोज संध्याकाळी यायचे. सुरुवातीला नुसतेच बसायचे. काय बोलावं, त्यांना सुचायचं नाही. वीस वर्षं या माणसाशी ते फक्त भांडले होते, आणि आजारी माणसाशी कसं भांडणार? ते वर्तमानपत्र वाचून दाखवायचे, चहा घ्यायचे, जायचे. त्या पत्त्यांच्या दिवशीही आले. मी स्वयंपाकघरात सगळी हकिकत सांगितली. ते बाहेर गेले, खुर्ची ओढून यांच्या अगदी समोर बसले आणि मोठ्यानं म्हणाले, "यज्ञेश्वर, मी विचार करून राहिलो होतो. तुझं सुखोई म्हणजे खरं तर एक ट्रक आहे. उडणारा ट्रक."

मी स्वयंपाकघराच्या दारात थबकले. मला वाटलं, या माणसाला झालंय तरी काय?

यांनी वर पाहिलं.

"वजन पाहा त्याचं," गौतम पुढे म्हणाले. "लांबून दिसते ते. रडारचीही गरज नाही. माझी काकू खिडकीतून सांगेल, सुखोई आलं म्हणून. अन् वळताना तर बैलगाडीच. आमचं राफेल त्याच्याभोवती तीन चकरा मारून चहा पिऊन येईल."

यांचा चेहरा लाल झाला. डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आवळला गेला. ओठ हलले, थांबले, परत हलले.

"आणि एक गोष्ट," गौतम वाकून म्हणाले, "मिग तर त्याच्याहून..."

"खो... खोटं!"

कुकरची शिटी झाली, तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. हे स्वतःच दचकले होते. गौतमचे डोळे भरून आले, पण गडी मोठा वस्ताद. आवाज जराही हलू न देता म्हणाले, "खोटं? काय खोटं? सिद्ध कर."

"खोटं," हे परत म्हणाले. मग मोठा श्वास घेतला. "सु... सुखोई."

दुसऱ्या दिवशी मी मंजिरीला सांगितलं, तर ती टाळ्या वाजवत उडीच मारायची बाकी होती. "आंटी, यही तो चाहिए! जिस बात से दिल जुड़ा है, वो शब्द पहले आते हैं. गौतम अंकल को बोलिए, रोज झगड़ा करें!" त्या दिवसापासून तिनं गाय आणि चप्पल बाजूला ठेवली आणि गौतमनी विमानांची चित्रं आणून दिली. मंजिरी चित्र दाखवायची, गौतम मुद्दाम चुकीचं नाव सांगायचे, आणि हे चिडून बरोबर नाव सांगायचे. मिग. जग्वार. मिराज. तेजस. एकेक शब्द खाणीतून दगड काढावा तसा निघायचा. नरहरी रविवारी दुकान बंद असल्यामुळे सकाळपासून येऊन बसायचे आणि नियमाप्रमाणे हरणाऱ्याच्या बाजूनं बोलायचे.

माझं नाव आलं ते उन्हाळा लागल्यावर. मी आंब्याचं पन्हं घेऊन गेले, तर हे माझ्याकडे बघून म्हणाले, "विजया." स्पष्ट, न अडखळता. शेजारच्या बायका मला म्हणाल्या, "अगं, आधी विमानांची नावं आली, तुझं इतकं मागून?" मी म्हटलं, येऊ दे ना. त्या विमानांनीच तर वाट मोकळी करून दिली. त्यांच्या मागोमाग माझं नाव आलं, गंधालीचं आलं, मीठ आलं, भात आला, 'बस' आलं, 'अजून वाढ' आलं. मी कोणाकोणाचे उपकार मोजू?

पावसाळ्यात एकदा यांनी गौतमचे आभार मानायचं ठरवलं. सकाळपासून तयारी चालली होती, हे माझ्या लक्षात आलं होतं. गौतम आले, बसले. यांनी त्यांचा हात धरला. "गौतम. तू... तू मले..." पुढचा शब्द सापडेना. हे धडपडत होते, घाम आला.

गौतम म्हणाले, "राहू दे. आभार मानू नको. फक्त एवढं कबूल कर की राफेल भारी."

"नाही," हे म्हणाले.

"जीव वाचवला मी तुझा!"

"तरी. नाही."

दोघं इतके हसले की यांना ठसका लागला. मी पाठीवरून हात फिरवत राहिले. आभार पोहोचले होते.

त्या संध्याकाळी गौतम निघाले, तेव्हा मी त्यांच्याबरोबर जिन्यापर्यंत गेले. बरेच दिवस मनात होतं ते बोलले.

"भाऊजी, मलेही शिकवा."

"काय वहिनी?"

"विमानं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुन्हा होऊ शकते. तुम्ही संध्याकाळी येता, बाकी दिवस मीच असते घरात. उद्या यांचं काही चुकलं, तर मले कळाले पाहिजे."

गौतम जिन्यावरच थांबले. मग म्हणाले, "उद्या लवकर येतो. पंखांपासून सुरू करू."

आणि साठी ओलांडल्यावर मी शिकले. रडार म्हणजे काय, क्षेपणास्त्र उष्णतेचा माग कसा काढतं, इंजिनाची हवा आत कुठून जाते. पहिल्यांदा घोटाळे व्हायचे. हेच मला दुरुस्त करायचे, तुटक तुटक बोलून, आणि दुरुस्त करता करता यांची वाक्यं लांब होत गेली. हे शिक्षक झाल्यावर फारच खूश होते. भाजी निवडताना मी विचारायची, "जग्वार कोणाचं?" आणि हे उत्तर द्यायचे, "ब्रिटन अन् फ्रान्स. दोघांचं मिळून. लिहून घे." रोजचा हा प्रश्न म्हणजे माझी तपासणी आहे हे त्यांना माहीत होतं. दोघंही तसं बोललो नाही कधी.

हळूहळू मला माझं मतही झालं. एके दिवशी मी म्हटलं, "काही म्हणा, मले तेजस आवडते. लहान आहे, पण आपलं आहे. सुट्या भागांसाठी कोणाचं तोंड पाहत बसा, कशाले?" झालं. हे आणि गौतम, दोघंही एकदम माझ्यावर तुटून पडले. इंजिन अमेरिकेचं आहे, संख्या किती आहे, उशीर किती झाला! वीस वर्षांत पहिल्यांदा त्या दोघांना मी एका बाजूला पाहिलं. नरहरी लगेच माझ्याकडून भांडू लागले.

राज्याला पंचवीस वर्षं झाली त्या नोव्हेंबरात नवा रायपूरला हवाई कसरती होत्या. केवढी गर्दी! बीरगांवकडून कारखान्यांचे कामगार बायकापोरांसह ट्रॅक्टरवर बसून आले होते. माना वर करून सगळं रायपूर उभं होतं. आम्हीही चौघं गेलो. गौतमनी यांच्यासाठी घडीची खुर्ची आणली होती, पण विमानांचा आवाज आला तसे हे उठून उभे राहिले, माझ्या खांद्यावर भार टाकून.

नऊ विमानं एकाच रेषेत आली. लाल-पांढरी. इतकी जवळजवळ की पंख लागतील वाटावं. वर गेली, फुलासारखी उमलली आणि मागे तिरंगी धूर सोडत निळ्या आकाशात पांगली. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "हॉक!"

"बरोबर," हे म्हणाले. आणि मग आवाज चढवून, आजूबाजूच्या अनोळखी लोकांनाही ऐकू जाईल असं म्हणाले, "हे वैमानिक इतके जवळ उडतात, कारण त्यांचा एकमेकांवर भरवसा असतो. नुसत्या विमानानं होत नाही हे."

आजारपणानंतरचं एवढं मोठं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. गौतमनीही ऐकलं.

विमानं पुन्हा डोक्यावरून गेली तशी सगळी गर्दी टाळ्या वाजवू लागली. यांनीही डावा हात उचलला, पण उजवा छातीपर्यंतच आला आणि खाली पडला. हे क्षणभर तसेच राहिले. तेव्हा गौतमनी आकाशावरची नजर न काढता आपला तळवा यांच्यासमोर धरला. यांनी त्यावर डावा हात मारला. एकदा, दोनदा, मग मारतच राहिले, सगळी विमानं दिसेनाशी होईपर्यंत.